दंडाचा पैसा आणि माळरानाचा पहारा

उघड्यावर कचरा टाकणाऱ्यांचा दंड वाढवावा आणि त्या पैशातून वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा खर्च भागवावा, अशी सूचना अधूनमधून कानावर येते. ती ऐकताक्षणी पटते. ज्याने घाण केली त्याने पैसे मोजावेत आणि त्या पैशाने एखादे हरीण वाचावे, यात वावगे काय? वर्गात हा प्रश्न टाकला तर बहुतेक हात होकारार्थी वर जातील.

परंतु दंड ही काही आजची कल्पना नाही. दोन हजार वर्षांहून अधिक काळ राज्यकर्ते दंड बसवत आले आहेत आणि त्या पैशाचे काय करायचे, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. हा इतिहास पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. दंडाकडून आपण दोन कामांची अपेक्षा करतो. एक, त्याने गुन्हा थांबवावा. दोन, त्याने तिजोरी भरावी. ही दोन्ही कामे एकाच वेळी नीट होत नाहीत. पहिले काम साधले की दुसरे आपोआप बंद पडते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील माळराने डोळ्यांसमोर ठेवून आपण हा प्रश्न तपासून पाहू.

माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

पुणे जिल्ह्याचा हा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. वर्षाला सरासरी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस, उथळ मुरमाड जमीन, कुसळी व मारवेल यांसारखी गवते आणि मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ, असे इथले मूळचे रूप आहे. भीमेच्या काठच्या याच गवतावर वाढलेली भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, पुढे ऊस आणि साखर कारखाने आले. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पाणी पोहोचले तेथे माळाची शेती झाली. जेथे ते पोहोचले नाही तेथे गवत उरले. सरकारी नोंदींत अशी जमीन बहुधा 'पडीक' म्हणून दाखवली गेली.

प्रत्यक्षात या जमिनीवर चिंकारा, लांडगा, खोकड आणि माळावरचे कितीतरी पक्षी राहतात. बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. मोरगावच्या मयूरेश्वरावरून त्याला हे नाव मिळाले. त्याचे क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्यातील लहान अभयारण्यांपैकी हे एक. चिंकारा हा त्याचा मुख्य रहिवासी. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे माळरान असेच चिंकारा आणि लांडगा यांच्यासाठी ओळखले जाते. तालुक्याच्या उत्तर कडेला उजनीच्या फुगवट्यावर भिगवण आणि कुंभारगाव येथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात व त्यांच्यामागून पर्यटकही येतात. २०२४ च्या सुमारास वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे माळरान सफारी सुरू केली. थोडक्यात, जेथे पूर्वी मेंढपाळ आणि गुराखी यांखेरीज फारसे कोणी फिरकत नसे, तेथे आता माणसांची वर्दळ आहे आणि वर्दळीबरोबर कचराही आहे.

कचऱ्याचा आणि चिंकाऱ्याचा संबंध

कचरा हा दिसायला वाईट असतो, एवढेच त्याच्याविरुद्ध म्हणणे असते तर वन्यजीवांचा विषय येथे काढण्याचे कारण नव्हते. परंतु माळावर पडलेला कचरा अनेक वाटांनी प्राण्यांपर्यंत पोहोचतो.

पहिली वाट पोटातून जाते. चिंकारा हा रवंथ करणारा प्राणी आहे. अशा प्राण्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात गेलेले प्लास्टिक पुढे सरकत नाही, पचतही नाही. ते तेथेच साठत राहते. गावातल्या गाईंच्या बाबतीत हे आपण पाहतोच. दुसरी वाट पाण्यातली. मासेमारीची तुटकी नायलॉन जाळी काठावर किंवा पाण्यात टाकून दिली की पक्ष्यांचे पाय आणि पंख त्यांत अडकतात.

तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी लक्षात येणारी आहे. ती भटक्या कुत्र्यांची. सहलीतले उरलेसुरले अन्न, खाटकाच्या दुकानातील टाकाऊ भाग, कुक्कुटपालन केंद्रांतून टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, हे सारे कुत्र्यांचे खाद्य. निसर्गात एखाद्या शिकारी प्राण्याची संख्या त्याच्या भक्ष्याच्या संख्येने मर्यादित राहते. माणसाच्या कचऱ्यावर पोसलेल्या कुत्र्यांना ही मर्यादा नसते. चिंकारे घटले म्हणून कुत्री घटत नाहीत. गवतात दडवलेले चिंकाऱ्याचे पाडस अशा टोळीपुढे टिकत नाही. शिवाय पिसाळरोग आणि कुत्र्यांमधील इतर साथीचे रोग लांडगा व खोकड यांच्यापर्यंत पोहोचतात. कुत्रा आणि लांडगा यांचा संकरही होऊ शकतो. पुणे परिसरातील लांडग्यांमध्ये असा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे कचरा टाकणारा माणूस माळावरच्या पहारेकऱ्याचे काम खरोखरच वाढवत असतो. त्याच्याकडून पैसे घेऊन ते माळासाठी वापरावेत, या सूचनेला शास्त्रीय आधार आहे. प्रश्न आहे तो पुढचा: ते पैसे कसे घ्यावेत आणि नेमके कशासाठी वापरावेत?

अर्थशास्त्रातील दोन दंड

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कचऱ्याचा दंड आणि वन्यप्राण्यांचा दंड, दोन्ही सापडतात. नगराच्या कारभाराविषयीच्या प्रकरणात रस्त्यावर धूळ वा कचरा टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण, तर चिखल किंवा पाणी साचवणाऱ्यास एक चतुर्थांश पण दंड सांगितला आहे. तेच कृत्य राजमार्गावर केले तर दंड दुप्पट. मेलेली जनावरे नगरात टाकली तर त्याहून अधिक: मांजर, कुत्रा, मुंगूस किंवा साप असेल तर तीन पण, गाढव, उंट किंवा गुरे असतील तर सहा पण.

दुसरीकडे, ज्यांना राजाने अभय दिले आहे किंवा जे अभयवनात राहतात, असे मृग, पशू, पक्षी व मासे पकडणाऱ्यास, मारणाऱ्यास किंवा त्यांना इजा करणाऱ्यास 'उत्तम साहसदंड' सांगितला आहे. उत्तम साहसदंड म्हणजे ५०० ते १००० पण. विद्यार्थ्यांना येथे एक साधा हिशेब करायला सांगता येईल. ५०० पणांत एक अष्टमांश पण किती वेळा येतो? चार हजार वेळा. रस्त्यावरचा कचरा आणि अभयवनातील प्राणी यांच्या गुन्ह्यांत त्या ग्रंथकाराला केवढे अंतर वाटत होते, ते यावरून दिसते.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. राज्याच्या उत्पन्नाच्या बाबी मोजताना याच ग्रंथात शुल्काच्या, म्हणजे जकातीच्या, शेजारी 'दंड' ही बाब नोंदलेली आहे. दंड हा शिक्षा होता तसा महसूलही होता. मराठी दप्तरांतही हीच गोष्ट दिसते. पेशवाईच्या कागदांत दंडाच्या रकमेला 'गुन्हेगारी' असे म्हटले जाई आणि ती जमेच्या बाजूला लिहिली जाई. एखाद्याला बोलावून आणण्यासाठी सरकारी प्यादा पाठवला तर त्या प्याद्याचा खर्च, त्याला 'मसाला' म्हणत, ज्याला बोलावले त्याच्याकडूनच घेतला जाई. अंमलबजावणीचा खर्च आरोपीच्या खिशातून वसूल करण्याची कल्पना आपल्याकडे अशी जुनी आहे.

कोंडवाड्याचा धडा

दंडातून पहारेकऱ्याचा पगार द्यावा, ही योजना ब्रिटिश काळात गावोगाव प्रत्यक्ष राबवली गेली. तिचे नाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे: कोंडवाडा. १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. दुसऱ्याच्या शेतात किंवा सरकारी जागेत शिरलेली गुरे कोंडवाड्यात घालायची आणि मालकाने दंड व चाऱ्यापाण्याचा खर्च भरला की सोडायची, अशी पद्धत होती. वसूल झालेल्या दंडातून काय करायचे तेही कायद्यात लिहिलेले होते. आधी कोंडवाडा सांभाळणाऱ्याचा पगार, मग कोंडवाडे बांधण्याचा व दुरुस्तीचा खर्च, आणि उरले तर रस्ते, पूल व लोकोपयोगी कामे.

वनकायद्याने हाच कोंडवाडा राखीव जंगलांना जोडला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात जंगलात शिरलेल्या गुरांसाठी दंडाचे दर वाढवण्याचा अधिकार सरकारला दिला आणि त्याची कमाल मर्यादाही घालून दिली. हत्तीला १० रुपये, म्हैस किंवा उंटाला २ रुपये, गाय, बैल किंवा घोड्याला १ रुपया, शेळी-मेंढीला ८ आणे.

कागदावर ही व्यवस्था चोख होती. पैसा सरळ अंमलबजावणीकडे वळत होता आणि सरकारी तिजोरीवर भार नव्हता. पण माळावरच्या माणसाच्या बाजूने पाहा. चराऊ राने सरकारी जंगलात गेली, तरी गुरांचे पोट तेवढेच राहिले. दुष्काळी मुलखात पाऊस हुकला की गुरे कुंपणापलीकडे जाणारच, आणि ती गेली की दंड ठरलेलाच. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने चराऊ राने बंद केल्यामुळे शेतकऱ्यांच्या जनावरांची कशी कोंडी झाली, याविषयी जळजळीत तक्रार आहे. ज्याचा पगार दंडातून येतो, त्याला दंड होत राहणे सोयीचे असते. गुरे जंगलात शिरूच नयेत म्हणून चाऱ्याची सोय करणे, हे त्या व्यवस्थेत कोणाचेच काम नव्हते.

दुसरा परिणाम अधिक खोल होता. जंगल म्हणजे आपल्याला दंड करणाऱ्यांची जागा, अशी गावकऱ्यांची समजूत झाली. वन्यजीवांच्या रक्षणाला लागणारी सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे गावाची सहानुभूती, ती दंडाच्या पैशाने विकत घेता येत नाही. उलट गमावता मात्र येते.

पन्नास रुपयांपासून एक लाखापर्यंत

आता वन्यप्राण्यांच्या कायद्याकडे वळू. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत हरणांबरोबर चिंकाऱ्याच्या जातीचे प्राणीही होते. बंदीच्या हंगामात शिकार केल्यास पहिल्या गुन्ह्याला दंड होता ५० रुपयांपर्यंत. पुन्हा तोच गुन्हा केला तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा १०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. लांडग्याला मात्र संरक्षण नव्हते. उलट लांडगा मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. एकाच माळावरच्या दोन प्राण्यांपैकी एकासाठी दंड आणि दुसऱ्यासाठी इनाम, अशी ती नीती होती. १९५१ साली मुंबई राज्याने स्वतःचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा केला. त्यात शिकारीच्या परवान्यांची रीतसर पद्धत होती.

१९७२ साली संपूर्ण देशासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. त्यातील सर्वसाधारण गुन्ह्यासाठी दंडाची कमाल मर्यादा २,००० रुपये होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती २५,००० रुपये झाली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि मर्यादा एक लाख रुपयांवर गेली. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या गुन्ह्यांना, आणि चिंकारा व लांडगा हे दोघेही आज त्या अनुसूचीत आहेत, किमान तीन वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे.

याच कायद्यात कचऱ्याचाही उल्लेख आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९९१ च्या दुरुस्तीने कलम २७ मध्ये एक पोटकलम घातले गेले. अभयारण्यात कोणीही वन्यप्राण्यांना छळू नये व तेथील जमिनीवर कचरा टाकू नये, असे ते सांगते. प्राण्याला छळणे आणि कचरा टाकणे या दोन गोष्टी कायद्याने एकाच वाक्यात बसवल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. या कलमाचा भंग केल्यास वर सांगितलेली सर्वसाधारण शिक्षा लागू होते. म्हणजे सुप्याच्या अभयारण्यात प्लास्टिकची पिशवी फेकणाऱ्याला आज कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अभयारण्याबाहेर इतर कायदे आहेत. २००५ च्या मुंबईतील महापुरात प्लास्टिकच्या पिशव्यांनी गटारे तुंबल्याची चर्चा झाली आणि २००६ साली महाराष्ट्राने अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये, तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तिची चढण आहे.

तेव्हा 'दंड वाढवा' म्हणताना हे विसरू नये की कागदावरचा दंड पुष्कळ वाढलेला आहे. १९७२ च्या दोन हजारांचे एक लाख झाले, म्हणजे पन्नास पट. माळावरचा कचरा काही पन्नास पटीने कमी झालेला नाही.

दंडाची रक्कम की दंडाची खात्री?

असे का व्हावे, याचे उत्तर इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ सालीच दिले होते. गुन्हा रोखण्याचे सामर्थ्य शिक्षेच्या कठोरपणात कमी आणि तिच्या निश्चितपणात अधिक असते, असे त्याचे प्रतिपादन होते. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये ही कल्पना गणिताच्या भाषेत मांडली. साध्या रूपात सांगायचे तर गुन्हा करणाऱ्याला दंडाचे 'अपेक्षित ओझे' म्हणजे दंडाची रक्कम गुणिले पकडले जाण्याची शक्यता. एक लाख रुपये दंड आहे, पण दहा हजारांत एकच जण पकडला जातो असे समजा. अपेक्षित ओझे झाले १० रुपये. दंड फक्त २०० रुपये आहे, पण दहातला एक पकडला जातो असे समजा. ओझे झाले २० रुपये. छोटा दंड मोठ्या दंडाहून दुप्पट जड ठरला. शिवाय एक लाखाचा दंड एखाद्या सहलीला आलेल्या माणसाला करायला अधिकारीही कचरतो, कारण तो गुन्ह्याच्या मानाने फार वाटतो. फार मोठा दंड अनेकदा मुळी वसूलच होत नाही.

दंडाविषयीचा आणखी एक प्रयोग शिक्षकांना विशेष रुचेल. इस्रायलमधील हायफा शहरातील दहा पाळणाघरांत संशोधकांनी एक निरीक्षण केले. मुलांना न्यायला पालक उशिरा येत. त्यांपैकी सहा पाळणाघरांत उशिरासाठी छोटा दंड सुरू केला. उशिरा येणारे पालक कमी होण्याऐवजी वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. दंड रद्द केल्यावरही ते पूर्वीच्या पातळीवर आले नाहीत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की दंड लावताच पालकांच्या मनातील संकोच गेला. आता आपण सेवेचे पैसे देतो, असे त्यांना वाटू लागले. दंडाची किंमत झाली.

कचऱ्याच्या दंडातून वन्यजीवांना मदत होते, अशी पाटी लावली तर हा धोका अधिक वाढतो. 'मी दोनशे रुपये भरले, तेवढीच हरणांना मदत झाली,' असे म्हणायला वाट मोकळी होते. गुन्हा देणगीच्या पंक्तीला जाऊन बसतो.

पैसा जातो कुठे?

समजा दंड वसूल झाला. तो माळावर परत येतो का? राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे सरकारला मिळणारा महसूल सामान्यतः राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय त्यातून खर्च करता येत नाही. सुप्यात भरलेला दंड आणि सुप्यातला वनरक्षक यांच्यामध्ये संपूर्ण राज्याचा अर्थसंकल्प उभा असतो. लोकशाहीत ही व्यवस्था शहाणपणाची आहे. प्रत्येक खात्याने स्वतः दंड करून स्वतःच तो खर्च केला असता तर कोंडवाडा खात्याखात्यांत दिसला असता.

याला अपवाद आहेत. वन्यजीव कायद्याच्या कलम ६०-अ नुसार गुन्ह्याचा शोध लावण्यास मदत करणाऱ्याला न्यायालय दंडाच्या रकमेतून बक्षीस देऊ शकते. ही मर्यादा आधी २० टक्के होती, २००२ च्या दुरुस्तीने ती ५० टक्के झाली. २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांसाठी प्रतिष्ठाने स्थापन करण्याची तरतूद झाली आणि पर्यटकांच्या प्रवेशशुल्काचा पैसा त्याच जंगलासाठी राखता येऊ लागला. माळरानावर वाघ नाही, म्हणून ही सोय बारामती-इंदापूरला आपोआप मिळत नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण अधिनियमात बदल करून दंडाचे पैसे जमा होतील अशा पर्यावरण संरक्षण निधीची तरतूद केली. तो निधी केंद्राच्या पातळीवरचा आहे. दंड आणि पर्यावरणाचा खर्च यांना जोडणारा दुवा कायद्याला मान्य झाला आहे, एवढे यावरून नक्की दिसते.

दंडातून थेट अंमलबजावणी करण्याचा अलीकडचा मोठा प्रयोग मुंबईत झाला. महापालिकेने २००७ मध्ये 'क्लीन अप मार्शल' नेमले. ते खासगी कंत्राटदारांचे कर्मचारी होते आणि वसूल दंडातला वाटा कंत्राटदाराला मिळे. रस्त्यावर थुंकणारा व कचरा टाकणारा प्रथमच पकडला जाऊ लागला, हे खरे. पण दमदाटी करून पैसे उकळल्याच्या तक्रारीही वारंवार झाल्या. योजना थांबली, पुन्हा सुरू झाली. २०२४ मध्ये ती नव्याने आली आणि २०२५ मध्ये पुन्हा बंद करण्यात आली. कोंडवाड्याचा धडा शहरातही तसाच ठरला.

दोन खर्च, दोन थैल्या

मग कचऱ्याचा दंड माळरानासाठी वापरूच नये काय? तसे म्हणणे टोकाचे होईल. येथे खर्चांची विभागणी करावी लागेल.

एक खर्च कचऱ्यामुळेच उद्भवतो. माळ साफ करणे, कचरापेट्या ठेवणे व त्या वेळेवर रिकाम्या करणे, सभोवतालच्या गावांतील कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण, टाकून दिलेली जाळी गोळा करणे. कचरा थांबला की हा खर्चही हळूहळू कमी होतो. त्यामुळे तो दंडातून भागवण्यात विसंगती नाही. दंड घटला तर गरजही घटलेली असते. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोर येथील चर्मोद्योगाच्या खटल्यात मान्य केले. ते येथे चपखल बसते.

दुसरा खर्च कायमचा आहे. वनरक्षकाचा पगार, त्याची गाडी, रात्रीची गस्त, शिकाऱ्यांवर खटले चालवणे, वणव्यापासून गवत राखणे. हा खर्च कचरा कमी झाल्याने घटत नाही. तो दंडावर टांगला तर काय होईल, याचा काल्पनिक आकड्यांनी हिशेब करू. एका पहारेकऱ्यावर महिन्याला २०,००० रुपये खर्च येतो आणि दंड ५०० रुपये आहे, असे समजा. त्याच्या पगारासाठी महिन्याला ४० जणांनी कचरा टाकला पाहिजे. त्याने काम उत्तम केले आणि कचरा टाकणारे चारच उरले, तर जमा होतील २,००० रुपये. उत्तम कामाचे बक्षीस म्हणून त्याची नोकरी जाईल! ती टिकवायची तर लोकांनी कचरा टाकत राहावा, अशी इच्छा त्याला धरावी लागेल.

'पण अर्थसंकल्पातला पैसा माळापर्यंत पोहोचतच नाही, वाघाच्या जंगलांकडे जातो. मग दंडाचा तरी का सोडावा?' असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेपातली तळमळ खरी आहे. मात्र त्यावरचा उपाय स्थिर उत्पन्न शोधणे हा आहे. अमेरिकेने १९३७ साली बंदुका व काडतुसे यांवरील कर वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना वाटण्याचा कायदा केला. त्यासाठी अटही घातली की राज्यांनी शिकार-परवान्यांचे शुल्क दुसरीकडे वळवू नये. तो कर कायदेशीर खरेदीवर होता, गुन्ह्यावर नव्हता. म्हणून तो वर्षानुवर्षे टिकला. आपल्याकडे माळरान सफारीचे किंवा भिगवणच्या पर्यटनाचे शुल्क हे अशा स्थिर उत्पन्नाच्या जवळ जाते. पर्यटक चांगले वागले तरी ते घटत नाही, उलट माळ स्वच्छ राहिला तर वाढते.

राज्यघटनेनेही हे दोन भाग वेगळे ठेवले आहेत. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ४८-क आणि ५१-क हे दोन्ही आले. पहिला सांगतो की वने व वन्यजीव यांचे रक्षण करण्याचा प्रयत्न राज्याने करावा. दुसऱ्यात निसर्गाचे रक्षण व प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. नागरिक कर्तव्य चुकला तर त्याला दंड करावा आणि त्याने केलेली घाण त्या पैशाने काढावी. परंतु राज्याचे कर्तव्य नागरिकांच्या चुकांवर अवलंबून ठेवता येणार नाही. चिंकाऱ्याच्या पाडसाचा पहारा, कोणीतरी पिशवी फेकली म्हणून मिळालेल्या पैशावर चालू नये.

वर्गासाठी

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना हा विषय गणित, नागरिकशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या सांध्यावर शिकवता येईल. गावाजवळच्या माळावर किंवा पाणवठ्यावर दहा मीटर बाजूचे पाच चौरस आखावेत. प्रत्येक चौरसातील कचरा प्लास्टिक, अन्न, काच, जाळी व इतर असा वेगळा मोजावा. हीच मोजणी जत्रेच्या किंवा सुट्टीच्या आधी व नंतर करावी. त्याच जागी सकाळ-संध्याकाळ दिसणाऱ्या कुत्र्यांची संख्याही नोंदवावी आणि अन्नाचा कचरा व कुत्री यांचा आलेख काढावा. कुत्र्यांच्या जवळ मात्र जाऊ नये. मोजणी दुरून आणि शिक्षकांच्या सोबतीने करावी.

मोठ्या विद्यार्थ्यांनी ग्रामपंचायतीत जाऊन तीन प्रश्न विचारावेत. कचऱ्यासाठी किती दंड ठरलेला आहे? गेल्या वर्षी तो किती जणांना झाला? त्या पैशाचे काय झाले? ही माहिती मागण्याचा अधिकार २००५ च्या कायद्याने नागरिकांना दिलेला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा चटकन मिळेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे मिळवताना विद्यार्थ्यांना कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांतील अंतर पुस्तकाशिवाय समजेल. मग वर्गात पुन्हा विचारावे: दंड वाढवायचा का? या वेळी हात वर करण्यापूर्वी मुले थोडा वेळ घेतील, आणि तो वेळ त्यांना द्यावा.